व्हॉट्सॲप बिझनेस: सोलापुरातल्या चादर-टॉवेल आणि चटणीच्या दुकानाला किती उपयोगाचं?

सोलापुरातलं चादरीचं गिऱ्हाईक बऱ्याच अंशी वाटसरू असतं. अक्कलकोटला, पंढरपूरला, तुळजापूरला दर्शनाला निघालेलं कुटुंब वाटेत थांबतं, दोन चादरी, अर्धा डझन टॉवेल, किलोभर शेंगाचटणी घेतं आणि पुण्याला, नाशिकला नाहीतर हैदराबादला परत जातं. माल आवडतो. वर्षभराने तसलीच चादर पुन्हा हवी असते. पण तोवर दुकानाचा नंबर छापलेली पिशवी कचऱ्यात गेलेली असते आणि दुकान नेमकं नवी पेठेत होतं की चाटी गल्लीत, हेही आठवत नाही. मग ते गिऱ्हाईक त्याच्या शहरात ‘सोलापुरी’ म्हणून जे मिळेल ते घेतं, आणि तो माल सोलापूरच्या मागावर विणलेला असेलच असं नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप याच एका कसोटीवर तपासलेलं बरं: दाराशी एकदा आलेलं गिऱ्हाईक हे ॲप दुकानाशी बांधून ठेवतं का? उत्तर आहे, हो, ठेवतं, पण गल्ल्यावर एक छोटं काम न चुकता केलं तरच. नवं गिऱ्हाईक मात्र हे ॲप आणून देत नाही. ज्यांनी ते त्या आशेने घेतलं, त्यांची निराशा झाली तर दोष अपेक्षेचा आहे.

हे ॲप भारतात जानेवारी २०१८ मध्ये आलं. नेहमीच्या व्हॉट्सॲपसारखंच दिसतं, वर दुकानासाठीच्या सोयी जोडलेल्या आहेत: मालाची यादी म्हणजे कॅटलॉग, तयार उत्तरं, लेबलं, दुकानाची वेळ आणि पत्ता. एक नंबर एका वेळी दोन्हींपैकी एकाच ॲपवर चालतो, म्हणून दुकानासाठी वेगळा नंबर घ्यावा. सिम मालकाच्याच नावावर असावं. कामाला असलेल्या मुलाच्या सिमवर दुकान उघडलं आणि मुलगा नोकरी सोडून गेला, की गिऱ्हाइकांची सगळी यादी त्याच्याबरोबर जाते. दुकानातला जुना लँडलाइन नंबरही चालतो. पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय निवडला की कोड फोनवर ऐकू येतो. पाटीवर आणि जुन्या बिलांवर छापलेला लँडलाइन अजून चालू असेल, तर तोच वापरणं सर्वांत शहाणपणाचं.

नंबर सुरू झाल्याबरोबर पहिलं काम द्विस्तरीय पडताळणीचं. सेटिंगमध्ये खात्याच्या विभागात सहा अंकी पिन ठेवायचा आणि तो दुकानातल्या वहीत नाही, घरी लिहून ठेवायचा. फोनवर आलेला कोड कुणी गोड बोलून काढून घेतला, तरी हा पिन नसेल तर खातं त्याच्या हाती लागत नाही.

कॅटलॉग: इथेच खरी मेहनत

यादीत जास्तीत जास्त ५०० वस्तू बसतात आणि प्रत्येक वस्तूला दहापर्यंत फोटो लावता येतात. चादर-टॉवेलच्या दुकानाला हे भरपूर आहे. पण सुरुवातीला वीसच वस्तू टाकाव्यात, ज्या बारा महिने हमखास शिल्लक असतात त्या. दोनशे वस्तू टाकल्या आणि त्यातल्या साठ संपलेल्या निघाल्या, तर गिऱ्हाइकाचा विश्वास पहिल्याच दिवशी जातो. शिलकीचा हिशोब हे ॲप ठेवत नाही. माल संपला की ती वस्तू स्वतः लपवावी लागते. काढून न टाकता लपवली, तर माल आल्यावर पुन्हा दाखवता येते आणि फोटो-वर्णन परत भरावं लागत नाही.

फोटोत सर्वाधिक घोटाळा रंगाचा होतो. सोलापुरी चादरीचा मरून आणि गडद लाल रंग ट्यूबलाइटखाली वेगळाच दिसतो, पार्सल उघडल्यावर ‘हा रंग नव्हता’ अशी तक्रार येते आणि चादर परत. उपाय साधा आहे. सकाळी दुकानाच्या दाराजवळ, थेट ऊन पडत नाही पण उजेड भरपूर आहे अशा जागी चादर सपाट अंथरावी, दुकानातले दिवे बंद करावेत आणि फ्लॅश वापरू नये. पहिला फोटो पूर्ण उलगडलेल्या चादरीचा, दुसरा काठ आणि जेकार्ड (मागावरच विणलेल्या) नक्षीचा जवळून, तिसरा पालथ्या बाजूचा, चौथा घडीचा, म्हणजे जाडी कळते. पांढऱ्या टॉवेलचं उलटं आहे. फोनचा कॅमेरा पांढरा रंग करडा करून टाकतो, म्हणून पडद्यावर टॉवेलवर बोट टेकवून उजेड थोडा वर सरकवावा. मागे पांढरी भिंत नको, गडद लाकडी फळी किंवा निळं कापड चालतं.

वर्णनात ‘उत्तम दर्जा, आकर्षक डिझाइन’ असं लिहिण्याला काही अर्थ नाही. दूर बसलेल्या माणसाला कापड हातात घेऊन बघता येत नाही, त्याला आकडे द्यावे लागतात. चादरीसाठी लांबी-रुंदी इंचांत आणि सेंटीमीटरमध्ये, प्रत्यक्ष वजन, सूत कोणतं, माग हातमाग की यंत्रमाग, पहिल्या धुण्यात रंग जातो का. टॉवेलसाठी चौरस मीटरमागे वजन, म्हणजे जीएसएम. बऱ्याच दुकानदारांना तो माहीत नसतो, पण काट्यावर दोन मिनिटांत काढता येतो. ७५ बाय १५० सेंटीमीटरच्या टॉवेलचं क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर होतं. तो ४५० ग्रॅम भरला, तर ४५० भागिले १.१२५, म्हणजे ४०० जीएसएम. मोठ्या शहरातलं गिऱ्हाईक ऑनलाइन टॉवेल घेताना हाच आकडा शोधतं, आणि तो लिहिलेला असला की भावाची घासाघीस निम्म्याने कमी होते.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) आहे. त्याचा उल्लेख वर्णनात जरूर करावा, पण माल खरोखर सोलापुरात विणलेला असेल तरच. मानांकनाची खूण वापरायची, तर उत्पादकाने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलेली असावी लागते. दुकानदाराने आपल्या कारखानदाराकडून त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि तिचा फोटो कॅटलॉगमध्ये लावावा. बाहेरच्या नकली मालापुढे सोलापूरच्या दुकानदाराकडे याहून मोठं हत्यार नाही, आणि ते फार थोड्या जणांनी वापरलेलं दिसतं, याचं वाईट वाटतं.

वस्तूला कोड देण्याची जागा असते. ती रिकामी सोडू नये. ‘चा-लाल-०४’ असा कोड दुकानातल्या कप्प्यावरही चिकटवला, की गिऱ्हाइकाने ऑर्डर टाकल्यावर कामाचा माणूस सरळ त्या कप्प्याकडे जातो. नाहीतर ‘ती मोराची, लाल काठाची’ अशा वर्णनावर अर्धा दिवस जातो. शेंगाचटणीची २५० ग्रॅम आणि ५०० ग्रॅमची पाकिटं दोन वेगळ्या वस्तू म्हणून टाकावीत आणि वजन नावातच लिहावं.

भाव लिहिणं सक्तीचं नाही, पण किरकोळ विक्रीत तो लिहावाच. ‘भावासाठी मेसेज करा’ हे वाचून अर्धे लोक पुढे जातात. गणवेशाच्या कारखानदारांचं गणित निराळं. तिथे पन्नास नगांचा भाव वेगळा, हजाराचा वेगळा, आणि कॅटलॉगमध्ये असे टप्पे नीट दाखवता येत नाहीत. त्यांनी भावाची जागा रिकामी ठेवून वर्णनात किमान नग आणि तयार व्हायला लागणारे दिवस लिहावेत.

तंबाखू आणि बिडी यांना कॅटलॉगमध्ये परवानगी नाही. सोलापुरात हे आवर्जून सांगायला हवं, कारण किराणा आणि पान-बिडी एकत्र असलेली दुकानं इथे पुष्कळ आहेत. अशी वस्तू टाकली तर ती नाकारली जाते आणि वारंवार टाकली तर खातंच अडचणीत येतं.

गल्ल्यावरचं ते छोटं काम

एकाच वेळी अनेकांना मेसेज पाठवायची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते. पण मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला आहे. बरेच दुकानदार इथेच फसतात: वहीतून तीनशे नंबर उतरवून घेतात, संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) निमित्ताने सवलतीचा मेसेज सोडतात आणि चाळीस जणांना तो पोचतो. ॲप बिघडलेलं नसतं, त्याचा नियमच तसा आहे.

म्हणून बिल करताना हा क्रम ठेवावा. ॲपमध्ये दुकानाची छोटी लिंक आणि तिचा क्यूआर तयार मिळतो, त्याला आधीच लिहिलेला मेसेजही जोडता येतो. तो क्यूआर छापून पैशांच्या क्यूआरपासून हातभर लांब लावावा, शेजारी लावला की लोक चुकीचा स्कॅन करतात. वर मोठ्या अक्षरांत लिहावं: ‘घरबसल्या पुन्हा मागवायचं? हा स्कॅन करा.’ गिऱ्हाइकाने स्कॅन केला की ‘नमस्कार, मी दुकानातून खरेदी केली आहे’ हा मेसेज त्याच्याकडूनच येतो. म्हणजे संवाद त्याने सुरू केला, आपण त्याच्या माथी मारला नाही. लगेच तयार उत्तरातून दुकानाचं संपर्क कार्ड पाठवावं आणि तोंडाने सांगावं, ‘ताई, एवढं सेव्ह करा, म्हणजे नवीन माल आला की दिसेल.’ दोन टिचक्यांचं काम आहे आणि बिलाची रक्कम मोजेपर्यंत होतं.

पाठवलेल्या ब्रॉडकास्टवर बोट दाबून माहिती उघडली, की तो कुणाकुणाला पोचला त्यांची नावं दिसतात. चार दिवसांनीही ज्यांचं नाव तिथे नाही, त्यांनी बहुधा नंबर जतन केलेला नाही. अशांना यादीतून काढावं आणि त्यांची जागा नव्या गिऱ्हाइकांना द्यावी. महिन्यातून दोनपेक्षा जास्त मेसेज पाठवू नयेत. लोकांनी ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ करायला सुरुवात केली की खातं बंद पडतं, आणि विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीवर मेसेज सोडणाऱ्यांचं ते हमखास पडतं. जास्त सोयी देतो म्हणणारी बनावट व्हॉट्सॲपं तर फोनमध्ये घेऊच नयेत.

तयार उत्तरं ५० ठेवता येतात. तिरपी रेघ टाइप केली की यादी उघडते. सोलापूरच्या दुकानाला ही सोय फार मोलाची आहे, कारण इथलं गिऱ्हाईक मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी अशा चार भाषांत बोलतं. पत्ता, टपालखर्च, धुण्याची सूचना आणि पैसे भरण्याची पद्धत ही चार उत्तरं चारही भाषांत लिहून ठेवली, तर सोळाच होतात. कन्नड आणि तेलुगू मजकूर त्या भाषा घरात बोलणाऱ्याकडूनच लिहून घ्यावा. पूर्व भागातल्या पेठांत असं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. लेबलं, म्हणजे संभाषणांवर लावायच्या खुणा, वीस मिळतात. नवं गिऱ्हाईक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण ही पाच आधीच असतात. त्यांत ‘पार्सल दिलं’ आणि भाषांची दोन-तीन लेबलं जोडली की पुरे.

आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, आणि चौदा दिवस बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. त्यात लांबलचक स्तुती नको. दुकानाची वेळ, टपालाने माल पाठवतो की नाही, आणि उत्तर किती वेळात मिळेल, एवढंच लिहावं.

ऑर्डर, पैसे, पार्सल

गिऱ्हाईक वस्तू टोपलीत टाकतं आणि ती टोपली मेसेज म्हणून दुकानाकडे येते. तिच्या बेरजेत टपालखर्च नसतो, आणि भांडणं नेमकी इथून सुरू होतात. ऑर्डर आल्यावर आधी कप्प्यात माल बघावा, मग ‘माल आहे, टपालखर्च एवढा, एकूण एवढे’ असं एकाच मेसेजमध्ये कळवावं आणि त्यानंतरच यूपीआयचा क्यूआर पाठवावा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये. तो खोटा बनवता येतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा खात्याच्या नोंदीत रक्कम दिसली तरच ‘पैसे मिळाले’ हे लेबल लावावं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून स्वीकारा’ असं कुणी म्हणालं तर तो भामटा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा, पहिला तासाभराचा वेळ मोलाचा असतो.

पार्सलचा भाव कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतल्या जास्त आकड्यावर लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. दोन चादरींचा गठ्ठा ४० बाय ३० बाय १२ झाला, तर आकारमानाचं वजन २.८८ किलो. तोच गठ्ठा घट्ट दाबून उंची ८ वर आणली, तर १.९२ किलो. काट्यावर चादरी २.२ किलो भरत असतील, तर पहिल्या बांधणीत जवळजवळ पाऊण किलोचे पैसे नुसत्या हवेसाठी जातात. टॉवेल तर चादरीपेक्षाही फुगीर. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढावी, चिकटपट्टी लावावी आणि मग कापडी किंवा विणलेल्या गोणीचं आवरण शिवावं. पावसाळ्यात आतली प्लास्टिकची पिशवी वगळू नये.

शेंगाचटणीचं दुखणं तेलाचं आहे. कुटलेल्या दाण्यातून तेल सुटतं, उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की जास्तच. पाकीट भरताना तोंडाच्या आतल्या बाजूला चटणी लागली तर तिथे सील नीट बसत नाही, आणि वाटेत दाब पडला की नेमकं तिथूनच उघडतं. नरसाळ्याने भरावं, तोंड कोरड्या कापडाने पुसावं, दोन बोटं मोकळी जागा सोडून दोनदा सील करावं आणि दुसऱ्या पाकिटात घालावं. चटणी आणि चादर एकाच पार्सलमध्ये कधीही पाठवू नये. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत आणि पत्ता हवा. कॅटलॉगमध्ये त्या लेबलाचाही फोटो लावावा. कडक भाकरी सैल ठेवली की तिचा चुरा होतो. डबा भाकरीच्या मापाचाच घ्यावा आणि उरलेली फट कागदाने भरावी.

एक कायद्याची गोष्ट सोलापुरात सहज नजरेआड होते. विजयपूर, कलबुर्गी इथून हाकेवर आहेत, पण ती कर्नाटकात आहेत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही. माल राज्याबाहेर गेला की मात्र ती लागते, उलाढाल कितीही लहान असो. हातमाग आणि हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे, यंत्रमागाच्या चादरीला ती धरून चालू नये. आणि कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असलेल्या दुकानदाराला परराज्यात माल विकताच येत नाही. ॲपवर ऑर्डर हैदराबादची आहे की हडपसरची, हे मेसेज वाचताना सारखंच दिसतं, म्हणून तयार उत्तरात पिनकोड आधी मागून घ्यावा. राज्याबाहेर जाणारा माल करासहित ५० हजारांच्या वर गेला तर ई-वे बिलही (माल वाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र) लागतं. आपल्या कर सल्लागाराशी कॅटलॉग उघडण्याआधी बोलून घेतलेलं चांगलं.

कुठे कमी पडतं

मुख्य फोनशिवाय आणखी चार ठिकाणी हे खातं जोडता येतं, म्हणजे गल्ल्यावरचा संगणक, गोदामातला फोन वगैरे. पण मुख्य फोन चौदा दिवस उघडलाच नाही तर बाकीचे आपोआप सुटतात. जोडलेल्या प्रत्येकाला सगळी संभाषणं दिसतात. अमुक माणसाने फक्त ऑर्डरी बघाव्यात, असं बंधन घालता येत नाही, आणि कुणी काय उत्तर दिलं याची नोंदही राहत नाही. प्रत्येकाने मेसेजच्या शेवटी आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहावं, हा तोडगा पुरेसा चालतो. हिशोब, उधारी, बिलं यांतलं काहीच ॲप करत नाही. अँड्रॉइडवर बॅकअप गूगलच्या १५ जीबी मोफत जागेतूनच जातो आणि चादरींच्या फोटोंनी ती लवकर भरते. बॅकअपमधून व्हिडिओ वगळावेत, नाहीतर एक दिवस बॅकअप थांबतो आणि फोन हरवेपर्यंत ते कळत नाही.

नवं गिऱ्हाईक हवं असेल, तर गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावी. तीही मोफत आहे. स्टेशनवर उतरलेला माणूस तिथेच ‘चादर दुकान’ शोधतो. नोंदीत वेळ, पाटीचा फोटो आणि हाच नंबर असला, की एक ॲप आणतं आणि दुसरं टिकवतं. व्हॉट्सॲपची मेसेजमागे पैसे घेणारी मोठी सेवा वेगळी आहे. एजंट तिच्यासाठी फार मागे लागतात. रोजच्या वीस-पंचवीस ऑर्डरींपर्यंत तिची गरज नाही.

एकटा माणूस चालवत असलेल्या, दिवसभर गर्दीच्या दुकानाने मात्र घाई करू नये. कॅटलॉग सुंदर आहे आणि उत्तर तिसऱ्या दिवशी येतं, यापेक्षा कॅटलॉग नसलेला बरा. दुपारी दोन ते चार गर्दी ओसरते. तेवढा वेळ, आणि रात्री दुकान बंद करण्याआधीची वीस मिनिटं, घरातल्या एका माणसाच्या नावावर ठरवून टाकावीत. स्वागताच्या मेसेजमध्ये त्याच वेळा लिहाव्यात आणि मगच क्यूआर भिंतीवर लावावा.